निळा-हिरवा त्रिकोण म्हणजे सेफ औषध? तो मेसेज पुढं पाठवू नका

फवारणीचा हंगाम लागला की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो, यंदाही फिरून राहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "शेतकरी बंधूंनो, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल असेल तर जहाल विष, पिवळा असेल तर जपून मारा, निळा असेल तर माणसाला काही होत नाही, हिरवा म्हणजे सेंद्रिय, हातमोजे-मास्कची गरज नाही. दोन निळी औषधं एकत्र केली तरी निळीच राहतात. उग्र वास येतो तेच औषध बाधतं. बाधा झालीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा आणि दूध द्या." खाली हात जोडलेले आणि जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा.

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हे मला माहीत आहे, आणि लाल सगळ्यात जहाल ही त्यातली पहिली ओळ बरोबर आहे, म्हणूनच तर बाकीचं पण खरं वाटते. पण २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोकं दवाखान्यात भरती झाले, त्यामुळं आपल्या भागात असा मेसेज वाचून सोडून देता येत नाही. एक एक मुद्दा घेतो.

आधी तो रंग येतो कुठून ते पाहू. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्या नियमाप्रमाणं डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो, वरच्या अर्ध्यात खूण आणि शब्द, खालच्या अर्ध्यात रंग, हाच मेसेजमधला त्रिकोण. रंग ठरतो एलडी ५० नावाच्या आकड्यावरून. म्हणजे उंदरांसारख्या प्रयोगाच्या प्राण्यांना औषध एकदाच दिलं तर त्यातले अर्धे मरायला वजनाच्या प्रत्येक किलोमागं किती मिलीग्राम लागते. तोंडावाटे १ ते ५० मिलीग्राममध्ये मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, आणि ५००० च्या वर हिरवा. कातडीवर लावून काढलेले आकडे वेगळे असतात, तिथं लाल २०० पर्यंत, पिवळा २००० पर्यंत, निळा २०००० पर्यंत. बस, रंगामागं एवढंच आहे. ह्या आकड्यांत श्वासावाटे किती गेलं ते नाही, डोळ्यात उडालं तर काय होते ते नाही, दहा वर्षं दर हंगामात थोडं थोडं अंगात गेलं तर काय होते ते तर नाहीच नाही. आणि जे उंदीर मेले नाहीत पण थरथरत, लाळ गाळत पडून राहिले त्यांची गिनती पण ह्या आकड्यात होत नाही.

आता "निळा असेल तर माणसाला काही होत नाही" हे घ्या. ज्या नियमानं निळा रंग दिला त्याच नियमानं निळ्याच्या वर डेंजर हा शब्द छापायला लावला आणि हिरव्याच्या वर कॉशन, म्हणजे सांभाळून. काही होत नाही असं म्हणणारा खाना त्या नियमात नाहीच, हिरव्याला सुद्धा नियमाच्या भाषेत थोडं विषारीच म्हटलंय. शिवाय निळ्या खान्यात ५०१ वालं औषध पण बसते आणि ५००० वालं पण, मधात दहापट फरक आणि रंग एकच. तुमच्या हातातला डबा त्यातल्या कोणत्या टोकाचा आहे हे रंग सांगू शकत नाही.

आणि खरी गोष्ट अशी की औषध किती जहाल हा एक प्रश्न आणि ते तुमच्या अंगात किती गेलं हा दुसरा. डब्यावर फक्त पहिल्याचं उत्तर आहे, दुसरं वावरात ठरते. पोळ्यानंतरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोळ्यासमोर आणा, छातीच्या वर गेलेली, दोन ओळींच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या, आत हवा नाही, अंगाला घामाच्या धारा. माणूस ओळीमधून समोर चालते तर आत्ताच भिजवलेली पानं त्याच्या तोंडाला, गळ्याला, हाताला घासत जातात. पाठीवरच्या पंपाचं झाकण ढिलं असलं की औषधाचं पाणी पाठीवरून कमरेत, तिथून चड्डीत उतरते, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून स्पष्टच लिहितो, जांघेतली कातडी फार पातळ असते. पॅराथिऑन ह्या कीटकनाशकाच्या माणसांवर झालेल्या जुन्या तपासणीत दिसलं होतं की हाताच्या कातडीच्या तुलनेत अंडकोषाच्या कातडीतून ते दहापटीपेक्षा जास्त आत शिरते. मग नोझल चोक झालं की तोंडानं फुंकून काढायचं. मग धुऱ्यावर बसून त्याच हातानं खर्रा घोटायचा आणि तोंडात टाकायचा. ह्या माणसाच्या अंगात निळं औषध जितकं जाते तितकं शर्टपँट-हातमोजे घालून मारणाऱ्याच्या अंगात पिवळं पण जात नसेल. त्यामुळं हातमोजे-मास्कची गरज नाही हे वाक्य ह्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य आहे. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याला मास्क समजू नका, तो ओला झाला की तेच औषध नाकासमोर धरून ठेवते.

सगळ्यात जास्त जपायची वेळ तर फवारणीच्या आधीची आहे, डब्यातून काढून बकेटीत कालवायची. तिथं औषध पातळ झालेलं नसते. टोपणानं मोजायचं, बोटावरून ओघळलं की पँटीला पुसायचं आणि काडी सापडली नाही तर कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं, हे मी इतक्या धुऱ्यांवर पाहिलं आहे की कुणाला टोकलं तर लोकं माझ्याकडंच नवलानं पाहतात. लांब काडी आणि रबरी हातमोजे, एवढं तरी तिथं पाहिजेच.

"पिवळा असेल तर जपून मारा." एवढ्यावर भागत नाही. पॅराक्वॉट हे तननाशक घ्या, धुऱ्यावरचं गवत जाळायला आपल्याकडं सर्रास वापरतात. उंदरावरचा आकडा किलोमागं साधारण १५० मिलीग्राम, म्हणून पिवळा त्रिकोण. पण माणसात त्याचा एक घोट जीव घ्यायला पुरेसा होतो आणि त्याच्यावर उतारा नाही. पहिल्या दिवशी माणूस बोलते-चालते, घरच्यांना वाटते वाचला, आणि पुढच्या दिवसांत किडनी आणि फुप्फुसं जातात. उंदराच्या आकड्यावरून माणसाचं नक्की ठरवता येत नाही ते असं. युरोपीय संघात हे २००७ पासून बंद आहे. त्रिकोणाचा रंग पाहून मोनोक्रोटोफॉस ह्या कीटकनाशकाच्या लालपेक्षा हे बरं असं कुणी समजलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

२०१७ च्या बाधेनंतर राज्य सरकारनं पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली होती, तीसुद्धा सगळी लाल नव्हती. त्यात लालवालं मोनोक्रोटोफॉस होतं, तसं प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं पिवळ्या त्रिकोणाचं तयार मिश्रण पण होतं.

"हिरवा म्हणजे सेंद्रिय" हे कुठून आलं माहीत नाही, बहुतेक व्हेज जेवणाच्या हिरव्या खुणेवरून आलं असेल. ह्या रंगाचा आणि सेंद्रियचा काहीच संबंध नाही. कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकाचं उदाहरण देतो, कारण ते जवळपास प्रत्येक घरी येते. तोंडावाटेचा त्याचा आकडा ५००० च्या बराच वर, म्हणजे त्या हिशोबानं हिरव्यात बसते. एकदाच खाऊन मरायला पुष्कळ लागते हे खरं. पण युरोपात ह्याच रसायनाला जनुकांना इजा करू शकणारं, आणि मूल होण्याच्या ताकदीला व पोटातल्या बाळाला धोका असणारं अशा वर्गात टाकलंय, तेही वरच्या दर्जात. आता रब्बीच्या आधीचं आपलं घर पाहा. ताडपत्रीवर हरभरा पसरलेला, वरून पावडर टाकलेली, थोडं पाणी शिंपडलं आणि दोन्ही हातानं चोळणं सुरू, नखांच्या कडेत पावडर बसलेली, आणि हे काम बहुतेक घरी बायाच करतात, कधी गरोदर सून पण असते. तिला कोणी म्हणावं की हिरवा आहे, काही होत नाही? बीजप्रक्रिया करूच नका असं मी म्हणत नाही, ती करायलाच पाहिजे, पण हातमोजे घाला, किंवा बंद डब्यात बी आणि पावडर टाकून डबा हलवा, आणि गरोदर बाईला त्या कामाला लावू नका.

सेंद्रिय म्हणून निर्धास्त राहायचं हेही चुकीचंच आहे. तंबाखूचा काढा घरी उकळून मारतात, त्यातलं निकोटीन कातडीतून सरळ आत जाते. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानंच मळमळ, उलट्या, चक्कर येते.

जगात धोक्याची वर्गवारी आता एका रंगावर चालत नाही. संयुक्त राष्ट्रांची जीएचएस नावाची पद्धत २००३ पासून आहे, तिच्यात नऊ चिन्हं आहेत. लगेच मारणारं असेल तर कवटी, कातडी-डोळे जाळणारं असेल तर वेगळं चिन्ह, पेट घेणारं असेल तर ज्वाला, आणि कॅन्सर, गर्भ, जनुकं, फुप्फुसं असा मागून दिसणारा धोका असेल तर माणसाच्या छातीवर तुटलेली चांदणी. एकाच रसायनावर दोन-तीन चिन्हं येऊ शकतात, कारण एकच गोष्ट एका बाजूनं साधी आणि दुसऱ्या बाजूनं घातक असू शकते. ही माहिती सेफ्टी डेटा शीट नावाच्या कागदावर असते, मोबाईलवर औषधाचं रासायनिक नाव टाकून शोधलं तर सापडते. कागद सोळा भागांचा असतो पण सगळा वाचायची गरज नाही, भाग २ मध्ये धोके, ४ मध्ये प्रथमोपचार, ८ मध्ये अंगावर काय घालायचं, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. तेही जमत नसेल तर डब्यासोबतचं घडी घातलेलं माहितीपत्रक कृषी केंद्रातून मागून घ्या, विषबाधेची लक्षणं आणि उतारा त्यात छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडं ते डबा फोडल्या-फोडल्या धुऱ्यावर उडून जाते.

"दोन निळी एकत्र केली तरी निळीच." हे बिलकुल नाही. रंग बंद डब्यातल्या मालाला दिलेला असतो, तुमच्या पंपाच्या टाकीत तयार झालेल्या मिश्रणाची तपासणी कोणीच केलेली नसते. एक साधी गोष्ट सांगतो. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माणसाचं शरीर बऱ्यापैकी लवकर फोडून बाहेर टाकते, त्यासाठी शरीरात एंझाइम असतात. ऑर्गॅनोफॉस्फेट औषध, म्हणजे मोनोक्रोटोफॉस-प्रोफेनोफॉसच्या गटातलं, सोबत गेलं की ते नेमकं त्याच एंझाइमना अडवते, मग पायरेथ्रॉइड शरीरात जास्त वेळ टिकते. म्हणजे दोघं मिळून नुसती बेरीज होत नाही. आणि आपल्याकडं तर अळीचं, तुडतुड्याचं, बुरशीचं, वरून टॉनिक आणि विद्राव्य खत असं चार-पाच गोष्टींचं मिश्रण एका टाकीत जाते, काहून तर मजुरी एकदाच द्यायची. मजुरीची अडचण मला समजते, पण लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत जे मिश्रण नाही ते करू नका, दुकानदारानं सांगितलं तरी.

"उग्र वास येतो तेच बाधतं." वास बऱ्याचदा औषधाचा नसतोच, ते ज्यात विरघळवलंय त्या सॉल्व्हंटचा असतो. पॅराक्वॉटला स्वतःचा म्हणावा तसा वास नाही म्हणून कितीक ठिकाणी त्यात मुद्दाम घाण वास आणि निळा रंग मिसळतात, कोणी चुकून पिऊ नये म्हणून. म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत, तेलाच्या डब्यात औषध काढून ठेवायचं नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ लेकरं गेली, स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं.

आता शेवटचा मुद्दा, मिठाचं पाणी आणि दूध. हे करू नका. उलटी करवली तर सॉल्व्हंट असलेलं औषध वर येताना श्वासनळीत जाऊ शकते आणि फुप्फुसाला इजा करते, आणि बेशुद्ध होत असलेल्याला तर काहीही पाजणं म्हणजे गुदमरवणं. मिठाचं पाणी जास्त गेलं तर ते स्वतःच घातक आहे. फवारताना घाम वाढला, लाळ गळू लागली, अंधुक दिसायला लागलं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक झाल्या, उलट्या, छाती भरल्यासारखी झाली तर पंप तिथंच उतरवा, कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार सोडा आणि १०८ ला फोन लावा. दिल्लीच्या एम्सच्या विषमाहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, तिथून डॉक्टरलाही माहिती मिळते. आणि डबा सोबत न्या, रिकामा असला तरी, टाकीत जितकी औषधं टाकली त्या सगळ्यांचे डबे न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर डॉक्टर अॅट्रोपीन हा उतारा देतील, पॅराक्वॉट असेल तर अॅट्रोपीनचा उपयोग नाही आणि ऑक्सिजन कधी लावायचा हासुद्धा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. "निळ्या त्रिकोणाचं होतं" एवढं सांगून डॉक्टरला काहीच कळत नाही, त्याला रसायनाचं नाव लागते, आणि ते डब्यावर त्रिकोणाच्या बाजूलाच छापलेलं असते.