मैदानावरची फक्की आणि मानधनाचा प्रश्न

सप्रेम नमस्कार,

लहान गावांत विनामोबदला खो-खो शिकवणाऱ्या प्रशिक्षकांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. फुकट राबणाऱ्या माणसाचे गोडवे गायले की सरकारला आणि संघटनांना हात झटकायला मोकळीक मिळते, हा पहिला. आणि शंभरांतून एखादीच सारिका काळेंसारखी नामवंत खो-खोपटू घडणार असेल तर बाकीच्या मुलींची वर्षे वाया जातात, हा दुसरा. पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. प्रशिक्षकाला मानधन मिळालेच पाहिजे, हे मी लेखात लिहायला हवे होते. ते राहिले, ही माझी चूक.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्याच २०१६ साली घरच्या ओढाताणीमुळे त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते आणि प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानात परतल्या, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. अशी समजूत घालणारा माणूस जवळ असणे, ही गरज फक्त पदक मिळवणाऱ्या मुलीचीच असते असे मला वाटत नाही.

आमचे सर एवढे नामवंत नव्हते. तालुक्याच्या गावी एका पतपेढीत कारकून होते. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून ते आधी मैदानावर पाणी शिंपडत, मग दोन खांबांमध्ये दोरी ताणून फक्की मारत, आणि रेघ जरा वाकडी गेली तरी पायाने पुसून पुन्हा मारत. आम्ही आठ जणी मधल्या पाटीत एकीआड एक उलट दिशांना तोंड करून बसलो की ते मागून फिरत आणि जिची टाच टेकलेली दिसेल तिच्या टाचेखाली चिंचोका सरकवत. खो मिळण्याआधी उठले तर नियमभंग, आणि मिळाल्यावर टाच जड राहिली तर पळणारी निसटलीच! सराव संपेपर्यंत अंधार पडे, तेव्हा ते सायकल हातात धरून आम्हा प्रत्येकीला दारापर्यंत सोडत, आणि केवळ त्या भरवशावर आमच्या आया आम्हाला पाठवत. दहावीत एका मैत्रिणीचे लग्न ठरू लागले, तर सर लागोपाठ चार संध्याकाळी तिच्या वडिलांकडे जाऊन बसले. ती बारावी झाली. आमच्यापैकी एकीचीही राज्य संघात निवड झाली नाही. तरीही ती वर्षे वाया गेली, असे आमच्यातली एकही म्हणणार नाही.

मानधनासाठी आपण अर्ज करणार असाल तर त्यावर माझी सही जरूर घ्या. फक्कीच्या पोत्यांचा खर्चही त्यात वेगळा लिहावा; आमच्या मैदानावर तो वर्षानुवर्षे सरांच्या पगारातून होत आला.