खुलासा : १९६९ चं युद्ध फुटबॉलमुळे पेटलं नव्हतं

'एल साल्वाडोर आणि होंडुरास हे देश एका फुटबॉल सामन्यावरून युद्धाला भिडले' असा मजकूर पुन्हा फिरतोय. सामने खरे आहेत, युद्धही खरं आहे. कारण मात्र चुकीचं सांगितलं जातंय.

विश्वचषक पात्रतेचा पहिला सामना ८ जून १९६९ ला होंडुरासने १-० जिंकला, १५ जूनचा दुसरा एल साल्वाडोरने ३-०. दोन्हीकडे पाहुण्या संघाला आणि प्रेक्षकांना त्रास झाला, हे नाकारता येत नाही. निर्णायक सामना २७ जूनला मेक्सिको सिटीत झाला आणि जादा वेळेत एल साल्वाडोर ३-२ ने जिंकला. म्हणजे हल्ला केला तो जिंकलेल्या देशाने, तोही १४ जुलैला, दोन आठवड्यांहून अधिक काळ उलटल्यावर!

खरा प्रश्न जमिनीचा होता. एल साल्वाडोर चिमुकला, दाटीवाटीचा; तिथली बरीचशी जमीन मूठभर घराण्यांच्या हाती. पोटासाठी सुमारे तीन लाख लोक शेजारच्या होंडुरासमध्ये जाऊन शेती करत होते. होंडुरासने १९६२ चा जमीन सुधारणा कायदा राबवताना त्यांनाच जमिनीवरून हुसकावलं. हजारो कुटुंबं परतत होती, सीमेचा वादही जुनाच होता.

सुमारे शंभर तासांच्या लढाईत हजारो माणसं मेली, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक. शांतता करार व्हायला १९८० उजाडलं. बेघर झालेल्या शेतकऱ्यांची ही कहाणी चेंडूवरच्या भांडणाचा किस्सा म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.