इंडीची पहाणी आणि आमदारकी केलेला न्यायाधीश

आज सकाळी सकाळी डोकं फिरलं. कारण फार मोठं नाही, पण लिहून मोकळा झाल्याशिवाय जेवण जायचं नाही.

चुलतभावाच्या जमिनीच्या दाव्यासाठी वकिलाकडं गेलो होतो. आता आपलं हायकोर्ट कोल्हापूरला. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर धरून सहा जिल्ह्यांसाठी. नाहीतर पूर्वी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला लोंबकळायचं, पहाटे दादरला उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचं, आणि 'पुढची तारीख' एवढे दोन शब्द ऐकून रात्री त्याच गाडीनं परत. असो. वकीलसाहेब यायला वेळ होता म्हणून बाहेर टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी चार-पाच तरुण वकील. कोट नवे, गळ्यातले बँड इस्त्रीचे. विषय चाललेला, राजकारणातल्या माणसानं न्यायाधीश व्हावं का. २०२५ ला एका पक्षाच्या माजी प्रवक्त्या मुंबई हायकोर्टात न्यायाधीश झाल्या, तिथून गाडी सुरू झाली असणार. त्यातला एक ठासून म्हणाला, "ज्यानं एकदा दारोदार मतं मागितली, त्याला न्यायाच्या खुर्चीवर बसवूच नये. लायकीच संपते की बे त्याची."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "मग कृष्ण अय्यर?"

तर तो म्हणाला, "कोण? साऊथचे का?"

अर्धा चहा तसाच ठेवून निघालो. (पैसे दिले. टपरीवाल्याचा काय दोष.)

अरे बाळांनो, सनद घेतलीत तुम्ही! ज्यांच्या निकालाचा दाखला देऊन उद्या तुम्ही अशिलाला सोडवणार, तो माणूस तुम्हाला 'साऊथचे का' एवढाच ठाऊक? व्ही. आर. कृष्ण अय्यर. केरळात थलश्शेरीला वकिली करायचे, अशील कोण तर कामगार आणि कुळं. १९४८ साली कम्युनिस्टांना मदत केली म्हणून त्यांनाच उचलून महिनाभर तुरुंगात टाकलं. १९५२ ला अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेवर निवडून आले. १९५७ ला केरळात नंबुद्रीपादांचं कम्युनिस्ट सरकार आलं, त्यात मंत्री. खाती बघा: कायदा, गृह, वीज, पाटबंधारे आणि तुरुंग. ज्यानं आत बसून भिंती मोजल्या, त्याच्याच हातात तुरुंगखातं! १९५९ ला केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं, काळा कोट पुन्हा अंगात. १९६५ ची निवडणूक अय्यर हरले. आणि १९६८ ला केरळ हायकोर्टाचे न्यायाधीश. १९७३ ला सुप्रीम कोर्ट.

त्या वेळीही बोंब झालीच होती. लाल बावट्याचा माणूस, मंत्री होता, हा कसला न्याय देणार, असं म्हणणारे मोठमोठे वकील मुंबईत होते. म्हणजे आमच्या टपरीवरचा पोरगा नवीन काहीच बोलत नव्हता. पन्नास वर्षं जुनं वाक्य, फक्त चहा ताजा.

आता मामाचं सांगतो. माझ्या जवळच्यांनी दहादा ऐकलंय, अकराव्यांदा ऐका.

माझा मामा यंत्रमागावर होता. टॉवेल काढायचा. कानात कायम कापूस, तरी सगळं ओरडूनच बोलायचा, कारण मागाच्या खडखडाटात तीच सवय. मी दहावीत होतो. मजुरीवरून मालकाशी वाद झाला, ढकलाढकली झाली, कुणाचा तरी चष्मा फुटला आणि मामावर केस पडली. चार दिवसांनी जामीन झाला. पाच हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. घरात आनंद! आईनं देवापुढं साखर ठेवली.

आमच्यात जमीन फक्त मामीच्या भावाकडं. कर्नाटकातल्या इंडी तालुक्यात चार एकर, जिरायत. तो बिचारा पहिल्या गाडीनं आला. धोतराच्या सोग्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पहाणी. आपल्याकडं जसा सातबारा, तशी तिकडं पहाणी. कारकुनानं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "हे कानडी आहे. चालणार नाही. याच जिल्ह्यातला सातबारा आणा."

कुठलं कोर्ट ते मुद्दाम लिहीत नाही. त्यानं काही फरक पडत नाही.

मामीचा भाऊ कानडीत काहीतरी पुटपुटला. त्याला वाटलं आपणच चुकीचा कागद आणला. माफी मागत होता तो! स्वतःच्या चार एकराबद्दल माफी. अकरा दिवस, मोजून अकरा दिवस, जामीन मंजूर होऊन मामा आत. आई रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची, मी सायकलवर जायचो, आणि निम्म्या वेळा डबा तसाच परत यायचा. तारखेला आणताना मामाच्या मनगटाला दोरी. दोरीचं दुसरं टोक हवालदाराच्या हातात, आणि हवालदार तंबाखू मळत रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चाललेला. मी समोरून आलो. मामानं मान दुसरीकडं वळवली. इतक्या वर्षांत तो त्याबद्दल माझ्याशी अक्षर बोललेला नाही.

(लिहिताना आता राग गेला. दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. थांबून पाणी प्यायलो.)

बाराव्या दिवशी आमचे जुने वकीलसाहेब एक झेरॉक्स घेऊन कोर्टात उभे राहिले. लाल पेन्सिलीनं खुणा केलेली. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. मोतीराम हा गवंडी. सुप्रीम कोर्टानं जामीन दिला, तर खालच्या मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. गवंड्याकडं दहा हजार! भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर म्हणे भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याची मालमत्ताही तिकडचीच, नाकारला. परत सुप्रीम कोर्ट. समोर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. त्यांनी तिथंच विचारलंय की एखादा मल्याळी, कानडी, तमिळ किंवा तेलुगू माणूस बस्तरमध्ये नाहीतर चांदणी चौकात पकडला गेला तर त्यानं जामीनदार आणायचा कुठून? देश एक आहे, एकमेकांना न शिवणाऱ्या जिल्ह्यांची मोळी नाही, अशा अर्थाचं झणझणीत लिहिलंय. आणि गवंड्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडून द्या म्हणून सांगितलं.

सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला हवं का? आपल्याकडं गल्लीत तेलुगू, बाजारात कानडी, शाळेत मराठी आणि भांडणात तिन्ही. सून इंडीची, जावई गुलबर्ग्याचा. जिल्ह्याची हद्द कागदावर, सोयरीक तिच्या दोन्ही अंगाला. मामाच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी झेरॉक्स वाचली, चष्म्यावरून मामाकडं बघितलं, विचारलं, "घर कुठंय तुझं?" मामा सवयीनं ओरडूनच म्हणाला, "हितंच की साहेब!" कोर्टात हशा पिकला. संध्याकाळी मामा घरी.

परत येताना मी वकीलसाहेबांना विचारलं होतं, हे कृष्ण अय्यर कोण. म्हणाले, "आमदार होता. जेलमध्येपण जाऊन आलाय. म्हणून कळलं त्याला." एवढंच. मी त्यांचा एक शब्दही जास्तीचा घालत नाही.

म्हणूनच सकाळी डोकं सटकलं. मतं मागितली म्हणून लायकी संपते? अरे, मतं मागायला गेलेला माणूस निदान दारात तरी उभा राहतो. घरात चूल कुठंय, पाणी कुठून आणतात, म्हातारी खोकते कशी, हे त्याला दिसतं. न दिसल्यासारखं करणारे खंडीभर असतात, मान्य. पण ज्यानं बघितलं, त्याच्या निकालात ते उतरतं. रतलामची केस घ्या, १९८०. एका वॉर्डातले लोक गटार आणि घाणीला कंटाळून मॅजिस्ट्रेटकडं गेले. त्यानं हुकूम दिला, तर नगरपालिका भांडत भांडत सुप्रीम कोर्टात. म्हणणं काय, तर पैसे नाहीत! अय्यर म्हणाले, पैसे नाहीत ही सबब ऐकून घेणार नाही, गटार बांधा, संडास बांधा, आणि मुदतीत बांधा. मंत्री होता ना तो माणूस, 'निधी नाही' म्हणजे काय ते आतून ठाऊक होतं त्याला. उजनी धरण भरून वाहत असताना दिवसाआड नव्हे, दिवसांच्या आड दिवस नळाची वाट बघणाऱ्या आपल्या शहरात हा निकाल मोठ्या अक्षरांत रंगवून लावायला पाहिजे. कुठं लावायचा ते तुम्हीच ठरवा.

बेड्यांचा निकालसुद्धा त्यांचाच, १९८० चाच. कैद्याला सरसकट बेड्या घालायच्या नाहीत, घालायच्या तर कारण लिहून ठेवायचं. मामाच्या मनगटावर दोरी बांधली तेव्हा तो निकाल लागून किती वर्षं झाली होती, याचा हिशोब मी पुष्कळ वेळा केलाय. दरवेळी हिशोब करून चिडतो.

बरं, आता तुम्ही बहरुल इस्लामांचं नाव माझ्या तोंडावर फेकणार. फेका. काँग्रेसचे राज्यसभा खासदार, तिथून १९७२ ला गुवाहाटी हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि १९८३ ला राजीनामा देऊन परत राज्यसभा. लाजिरवाणं होतं. आणि २०२४ ला कलकत्ता हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी राजीनामा दिला आणि दोन-चार दिवसांत पक्षात गेले, खासदार झाले, तेही बघितलं. आणि हो, अय्यर हायकोर्टावर गेले तेव्हा केरळात मुख्यमंत्री पुन्हा नंबुद्रीपादच होते. हेही मला ठाऊक आहे. झालं समाधान?

पण मग २४ जून १९७५ चं काय कराल? इंदिराबाईंची निवडणूक अलाहाबाद हायकोर्टानं रद्द केलेली. सुप्रीम कोर्टाला सुट्टी, आणि सुट्टीतले न्यायाधीश कृष्ण अय्यर. कायदामंत्री होते आपले ह. रा. गोखले. आता गंमत बघा, गोखले आधी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, नंतर मंत्री. अय्यर आधी मंत्री, नंतर न्यायाधीश. गोखल्यांनी फोन केला, भेटायला येऊ का. अय्यरांनी विचारलं, कशासाठी? अपील करायचंय म्हटल्यावर म्हणाले, मग भेटायचं कारण नाही, रजिस्ट्रीत दाखल करा. हा किस्सा अय्यरांनी स्वतःच नंतर सांगितलाय. पंतप्रधानांच्या बाजूनं पालखीवालांसारखा नामांकित वकील उभा. तरी पूर्ण स्थगिती दिली नाही. पंतप्रधान राहा, सभागृहात या, पण खासदार म्हणून मत द्यायचं नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी. आता टपरीवरच्या त्या पोराच्या हिशोबानं यातला राजकारणी कोण आणि न्यायाधीश कोण, मला कुणीतरी सांगावं.

सांगू नका. आता वाद घालायचं त्राण नाही.

खरं तर त्या पोराचाही फार राग नाही राहिला. बावीस-तेवीसचं असेल. त्याच्या कोटाच्या बाहीला अजून टेलरचा पांढरा खडू होता. त्याच्या वयाचा असताना मला तरी कुठं काय ठाऊक होतं? मला अय्यर कळले ते मामा आत गेला म्हणून. त्याच्या घरातलं कुणी आत गेलं नसेल, चांगलंच आहे की. मीच थांबून सांगायला पाहिजे होतं. चहा टाकून तरातरा निघून आलो, ते काही शहाण्यासारखं झालं नाही. जाऊ दे. उद्या पुन्हा त्याच वकिलाकडं जायचंय, दिसला तर चहा मी पाजतो.

दुपारी मामाला फोन लावला. सत्तरी उलटली, आता ऐकायलाच येत नाही, त्यामुळं आम्ही दोघंही ओरडतो. म्हटलं, मामा, तुला ज्यांच्या निकालावर सोडलं ना, ते कृष्ण अय्यर आमदार होते, ठाऊक आहे का?

"आमदार व्हय? कुठल्या पक्षाचा?"

"अपक्ष. पण लाल बावट्याचा पाठिंबा होता."

"असू दे की." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला.

"आणि ती पहाणी कुठाय बे? आमच्या मेव्हण्याची?"

म्हटलं, मामा, ती कोर्टाच्या फाईलीतच राहिली असेल.

"परत मागून घ्यायची राहिलीच बघ. तो मरेपर्यंत विचारत होता."