हेटीचं झाड आणि तीन हात माती

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन आठवड्यांपासून एकच विषय सुरू आहे, अंगणात गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवायचे की नाही. गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाचा मुलूख, अंगण मोठं. वैशाखात काकाच्या पोरीचं लग्न आहे, मांडव अंगणातच पडणार, म्हणून दादाचं म्हणणं की त्याच्या आधी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारं पक्कं करून टाकू, पावसाळ्यात चिखल नाही, धान वाळवायला बरं, आणि न्हाणीजवळचं हेटीचं झाड तोडून टाकू कारण त्याच्या मुळ्या गट्टू उचलतील आणि फुलं पडून कचरा होते. (हेटी म्हणजे बाकीचे लोक हदगा म्हणतात तेच.) मी इंग्लंडातल्या लीड्सवरून लिहिलं की झाड नका तोडू. त्यावर वहिनीचं उत्तर आलं, "ताई, तुमी तिकडून बोलता, सडा टाकाले याल का रोज?"

ते मला लागलं, कारण ते खरं आहे. मातीचं अंगण म्हणजे रोज झाडणं, सडा, सणावाराला शेणानं सारवणं, आणि पावसाळ्यात घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचा चिखल पुसणं. हे काम घरातल्या एकाच बाईच्या कमरेवर पडते. आधी माय करायची, तिचे गुडघे गेले, आता वहिनी करते. परदेशात राहून "आमचं मातीचं अंगण किती छान होतं" म्हणणाऱ्यांमध्ये मीही आहे आणि त्या अंगणात मी शेवटचं शेण कालवलं त्याला सोळा वर्षं झाली. म्हणून गट्टू नकोच असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं फक्त हेटीच्या बाजूचं आहे.

त्या झाडाला आमच्या घरी कधी कोणी वेगळं पाणी घातलं नाही. चैत्रात विहीर तळाला जायची, दोन-दोन घागरींवर दिवस काढायचा, तेव्हाही ते न्हाणीच्या पाण्यावर हिरवं असायचं. हिवाळ्यात पांढरी, कोयत्यासारखी वाकलेली फुलं यायची. माय आकडीनं फांदी वाकवायची, आम्ही खाली सूप धरायचो. मग ओट्यावर बसून एकेक फूल उघडायचं आणि आतली दांडी ओढून काढायची, ती राहिली तर भाजी कडू. लसूण, मिरची, कांदा, वरून बेसन पेरायचं, आणि ज्वारीची नाही तर तांदळाची भाकर. फूल खायचं असते हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, ते आमच्या ताटातच होतं.

इकडे आले तेव्हा पहिल्या जूनमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला कालव्याच्या काठानं फिरायला नेलं, लीड्स-लिव्हरपूलचा तो जुना कालवा, आणि एल्डरच्या झुडपांवरचे पांढरे तुरे कात्रीनं कापायला लावले. घरी आणून त्यांनी ते टेबलावर पसरले, किडे निघून जाऊ दिले, हिरव्या काड्या होतील तेवढ्या काढल्या (पानं आणि काड्या पोटाला बऱ्या नाहीत), आणि साखरेच्या पाकात लिंबाच्या फोडींसोबत रात्रभर बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी तो पाक केकवर ओतला. मी पहिला घास खाल्ला आणि मला मायच्या हातातली ती दांडी आठवली. तेच काम, फूल घ्या, कडू ते काढा, बाकी खा. फरक एवढाच की एल्डरच्या फुलाचा आणि लिंबाचा केक २०१८ मध्ये इथल्या राजघराण्यातल्या हॅरी आणि मेगनच्या लग्नात कापला गेला आणि आमची हेटी कचरा म्हणून तोडायला निघाली.

इथे उन्हाळ्यात लोक आपल्या घरची बाग दाराशी पाटी लावून उघडतात. नॅशनल गार्डन स्कीम म्हणतात, १९२७ मध्ये सुरू झाली, पहिल्या वर्षी ६०९ बागा, माणशी एक शिलिंग, आणि तो पैसा गेला घरोघरी जाऊन रोग्यांची सेवा करणाऱ्या नर्सेससाठी. मी स्वतः नर्स आहे म्हणून हे मला फार जवळचं वाटते. आजही तिकिटाचा पैसा मुख्यतः नर्सिंगच्या आणि आरोग्याच्या संस्थांना जाते. तुम्ही पाच-सहा पौंड द्यायचे, परक्याच्या गुलाबाजवळ उभं राहायचं, मालकाला विचारायचं हे कोणतं, आणि शेवटी चहा अन् घरी भाजलेला केक. मागच्या जुलैत मी अशाच एका परसात गेले होते, जागा आमच्या गोठ्याएवढीच, पण वाटाणे, झेंडू, लॅव्हेंडर सारं एकात एक. लॅव्हेंडरची बिस्किटं होती. मालकीणबाई ऐंशीच्या वर असतील, त्यांनी मला हात धरून कंपोस्टचा ढीग दाखवला, जसा आमच्याकडे नवं वासरू दाखवतात तसा.

गावचे लोक हे ऐकून म्हणतात, तिकडल्या लोकांजवळ पैसा आहे, वेळ आहे, आभाळातून पाणी पडते, आपल्याले कुठं परवडते. मला हे अर्धंच पटते. पाण्याचं खरं आहे. पण इथेही माझ्या गल्लीत निम्म्या घरांनी समोरची बाग उखडून गाडीसाठी फरशी टाकली आहे. अशा फरश्या वाढल्या की पावसाचं पाणी जिरायला जागा राहत नाही, ते सारं गटारात धावते. २००७ च्या उन्हाळ्यात यॉर्कशायरसकट बऱ्याच भागात पूर आले, आणि २००८ पासून इंग्लंडमध्ये नियम आहे की घरासमोरची ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न जिरणाऱ्या फरशीनं झाकायची आणि त्यावरचं पाणी मातीत सोडायची सोय नसेल तर आधी परवानगी काढा. हे लोक गट्टू टाकून, बुडून मग शहाणे झाले. गावी आमच्या टोलीवर (वस्तीवर) गट्टू बसवले ते खाली सिमेंट ओतून, आणि मागच्या श्रावणात पाणी रस्त्यावरून थेट काकाच्या पडवीत शिरलं, हे दादानं स्वतःच ग्रुपवर टाकलं होतं.

आणि इथली झाडं म्हणाल तर माझ्या खिडकीत मनीप्लांट आहे, स्नेक प्लांट आहे, कोरफड आहे, सगळ्यांची माती मी दुकानातून पिशवीत विकत आणलेली. तुळस दर वर्षी लावते आणि दर डिसेंबरात जाते, दिवस साडेसात तासांचा, ऊन नाही, हीटरची कोरडी हवा. पाच वेळा गेली. गावाकडे ती दाराशी बी पडून आपोआप उगवते.

मागच्या फाल्गुनात घरी होते तेव्हा मोहफुलांचा केक करून पाहिला. मायनं वाळवून ठेवलेली फुलं बेदाण्यासारखी झाली होती, त्यातले केसर चोळून काढले, भिजवली, पाट्यावर वाटली, कणीक, दही, सोडा. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ तापवलं आणि त्यात डबा ठेवला. साखर घातलीच नाही, गरज पडली नाही. पुतण्यानं तीन तुकडे खाल्ले. दादा म्हणाला, "दारूचा वास येते." दारूनं मोडलेली घरं आमच्या टोलीवरच आहेत, शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती उगाच नाही, त्यामुळे मी त्याला हसले नाही. पण पहाटे टोपली घेऊन झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाया वर्षानुवर्षं दारूच्या कायद्यात अडकल्या होत्या, राज्यानं मोहफुलांवरची बंधनं उठवली ती २०२१ मध्ये. मोहाची भाकर, मोहाचे लाडू हे आमच्या आजीचं खाणं होतं आणि ते पाहुण्यांसमोर ठेवायची आम्हाला लाज वाटते. हेटीचंही तसंच होऊन राहिलं आहे.

म्हणून मी वहिनीला वेगळा फोन केला, ग्रुपवर नाही. तिला विचारलं तुला काय पाहिजे. ती म्हणाली, धान वाळते तेवढं आणि दारापासून न्हाणीपर्यंतची वाट पक्की झाली की माझं काम अर्धं होते, झाडाशी माझं भांडण नाही, पण खाली पडलेली फुलं रोज मीच का उचलू. बरोबर आहे. मी म्हटलं तेवढ्या गट्टूचे पैसे मी पाठवते, फुलं उचलायचं काम पुतण्याचं, आणि भिंतीलगत न्हाणीपासून कोपऱ्यापर्यंत तीन हात माती उघडी राहू द्या, न्हाणीचं पाणी तिकडेच जाऊ द्या. हेटी राहील, बाजूला अंबाडी पेरता येईल, तिच्या लाल बोंडांचं सरबत मायला आवडते.

काल वहिनीनं फोटो पाठवला. दादानं अंगणात चुन्याची रेघ मारली आहे, गट्टू कुठपर्यंत येतील त्याची. हेटी रेघेच्या आत, मातीच्या बाजूला आहे. खाली मायचा आवाजी मेसेज, "रेघ दोन हातावर हाये, तीन नाई, मी मोजली." मी दादाला लिहिलं, अजून एक हात सरकव. निळी टिक आली आहे, उत्तर अजून नाही.