नाट्यपंढरीत तरी नीट थरथरा!

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे मराठी नाटक उभं केलं, त्या सांगलीत गणपतीच्या स्टेजवर अजून तोच पार्किन्सन्सवाला, म्हणजे कंपवात झालेला आजोबा: दोन्ही हात लटालटा हलवत चहा सांडणारा, बरळणारा. पब्लिक खो खो हसतंय! अहो, थरथर बहुधा एकाच बाजूला सुरू होते, हात मांडीवर निवांत असताना, सेकंदाला ४ ते ६ वेळा. कप उचलायला हात पुढे केला की सहसा कमी होते. काहींना तर थरथर नसतेच. चेहऱ्याची हालचाल मंदावते, आवाज बारीक होतो. त्याला तुम्ही खडूस म्हातारा करून टाकता.

आणि ती सून! या आजारामुळे उंबऱ्याशी पाय खिळलेल्या सासऱ्याला हात धरून ओढते. ओढलं की धड पुढे, पाय मागेच, माणूस तोंडावर. बघणारे घरी जाऊन तेच करतात. तिथे थांबायचं असतं, भार या पायावरून त्या पायावर घेऊ द्यायचा, मग 'एक, दोन' म्हणत पाऊल. एवढं स्टेजवर दाखवायला किती वेळ लागतो? तालमीला एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवा की. मिरज काय लांब आहे?