दोन वायरी, एकच बोर्ड

इंदूरच्या आमच्या व्यावसायिकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय: "स्विच दोन पॉवर सप्लायवालाच घ्या. एक गेला तर दुसरा चालतो, तेव्हा यूपीएसवर पैसे घालू नका. दोघांचे वॉट जोडून मिळतात, कॅमेरे हवे तितके लावा. एकदा बसवलं की बघायला नको." दुकानांची, ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे गप्प बसवेना. हा स्विच म्हणजे कॉम्प्युटर, कॅमेरे नेटवर्कला जोडणारं यंत्र; कॅमेऱ्यांना वीजही तोच नेटवर्कच्या वायरीतून देतो. पॉवर सप्लाय म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग.

"एक गेला तर दुसरा चालतो." सप्लाय जळाला तर, हो. पण सप्लाय जळतो क्वचित. लाइट जाणं, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण) पडणं, पिन सैल होणं हे रोजचं. रामबागेकडच्या एका पतसंस्थेत असाच महागातला स्विच होता, आणि दुपारी चहाच्या वेळेला नेटवर्क बंद पडायचं. रॅकच्या मागे हात घालून दोन्ही वायरी चाचपत खाली गेलो. टेबलाखाली दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात, शेजारी चहाची किटली.

"अहो, पाच मिनिटंच तर लावते मी!" काउंटरवरच्या काकू म्हणाल्या.

किटली 1500 वॉटची, म्हणजे 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर. एमसीबी 6 अँपिअरची, आणि तिच्यावरच तीन कॉम्प्युटर. पाणी उकळायला येईपर्यंत ती दम धरायची, मग पडायची. दोन सप्लायचा उपयोग शून्य. आता एक वायर यूपीएसवर आहे आणि दुसरी वेगळ्या एमसीबीवरून थेट लाइटवर. दुसरी थेट का? कारण यूपीएस स्वतःही मरतो, आणि तेव्हा लाइट असूनही अंधार नको.

"यूपीएस नको." लाइट गेल्यावर सप्लायच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साधारण 10 ते 20 मिलिसेकंदांचा दम असतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं. मे महिन्यात आंधी आली की लाइट तेवढ्यात परत येते का, हे इंदूरकरांना मी सांगायला नको. आणि फायबरवाल्यानं लावलेला इंटरनेटचा डबाही यूपीएसवर घ्या. स्विच जिवंत आणि डबा मेलेला, हा प्रकार आठवड्याला एकदा तरी बघतो.

दोन यूपीएस घेतले तर गणित आधी करा. दोन्ही सप्लाय भार वाटून घेतात, त्यामुळे दोन्ही यूपीएसवर 60 टक्के दिसतं आणि मालक खूश असतो. एक बंद पडला की दुसऱ्यावर 120 येतात आणि तोही बसतो. मी प्रत्येकी 40च्या वर जाऊ देत नाही. बॅटरीचंही ऐका: 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि पतसंस्थेचा यूपीएस जिन्याखालच्या बंद कपाटात होता.

"वॉट जोडून मिळतात." मिळतात, पण मग राखीव काही उरत नाही. 24 पोर्टांना प्रत्येकी 30 वॉट म्हणजे 720. स्विचला 600चे दोन सप्लाय असले तर 1200मध्ये सगळं भागतं. एक गेला की 600 उरतात, त्यातून स्विच स्वतःचंही खातो, आणि काही कॅमेरे डोळे मिटतात. दोन सप्लायच्या बऱ्याच स्विचांत ही सेटिंग असते, जोडून वापरायचे की एक राखीव ठेवायचा. राखीव ठेवा आणि एकाच सप्लायवर सगळं बसतंय का ते मोजा.

"बघायला नको." मला सगळ्यात राग याचा येतो. एकच सप्लाय असला तर तो मेल्याचं लगेच कळतं. दोन असले की एक मुकाट मरतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. पतसंस्थेतलं काम झाल्यावर ऑफिस बंद असताना मी पहिली वायर ओढून पाहिली: स्विच बंद. दुसऱ्या सप्लायचा दिवा नारिंगी होता, म्हणजे तो मेलेलाच. कधीपासून, ते स्विचच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, सापडलं: अकरा महिने.