‘क्रेडिट म्हणजे जमा, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

‘क्रेडिट’ या शब्दाच्या अनेक अर्थांवरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, ‘क्रेडिट म्हणजे जमा, विषय संपला, हिशेबाच्या वहीला कधी हात न लावलेल्यांनी फाटे फोडून वाचकांना गोंधळात टाकू नये.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याची आपली ओळखदेखील नाही, त्याने वहीला हात लावला की नाही, हे परस्पर ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझी उमेदीची वर्षे खतावण्या, म्हणजे खातेवह्या, लिहिण्यात गेली आहेत आणि तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळेपर्यंत मी रात्री जागवल्या आहेत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीवरचा परिच्छेद लांबला, एवढे मात्र मान्य करतो.

आता ‘विषय संपला’ याकडे वळू. आपण खात्यात पैसे भरता तेव्हा पासबुकात क्रेडिट दिसते, कारण ती बँकेच्या वहीतली नोंद असते आणि त्या रकमेपुरती बँक आपले देणे लागते. तीच रक्कम व्यापारी स्वतःच्या खतावणीत बँकेच्या नावे, म्हणजे डेबिट बाजूला, टाकतो. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी 1494 मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना नोंदवण्याचे, जे विवेचन केले, तेव्हापासून ही दुहेरी बाजू छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ती माझ्या पदरची नाही.

क्रेडिट कार्डाचे मासिक विवरण समोर घ्या. वरच्या भागात ‘क्रेडिट लिमिट’समोर जो आकडा असतो, तो आपण जास्तीत जास्त किती देणे करून ठेवू शकता याची मर्यादा सांगतो. खाली एखादी वस्तू परत केल्याची रक्कम असते, तिच्यापुढचे ‘क्रेडिट’ मात्र तेच देणे कमी करते. एकाच कागदावर एक क्रेडिट कर्जाची वाट मोकळी करते आणि दुसरे कर्ज फेडते. आपल्या सूत्राने वाचणारा माणूस लिमिटलाच शिल्लक समजेल. तसे समजून खर्च केलेली आणि पुढे व्याज भरता भरता मेटाकुटीला आलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून तर तो लेख लिहिला.

मूळ लॅटिन शब्दाचा उल्लेख आपल्याला पांडित्य वाटला. ‘विश्वास ठेवणे’ हा तो अर्थ वगळला, तर उधारी, पत आणि श्रेय या तिन्हींसाठी एकच शब्द का चालतो, हे मी वाचकाला कसे समजावून द्यावे? आपल्या इतर आक्षेपांत आवडीनिवडीपलीकडे काही नाही, त्यामुळे त्यांत वेळ घालवत नाही.

लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, अटींप्रमाणे कागदपत्रे सादर झाल्यास विक्रेत्याला पैसे देण्याची हमी खरेदीदाराची बँक घेते. ते पत्र निघते त्या क्षणी कोणाच्या खात्यात काय जमा झालेले असते, एवढे आपण पुढच्या वेळी जरूर लिहावे.